लॅपटॉप आधी परत द्या

तुमच्या मुलीला गणितात 71 गुण मिळाले, त्याची मला फारशी चिंता वाटली नाही. खटकलं ते पुढचं वाक्य: ‘ती दिवसभर संगणकावर खोटी दुकानं मांडून बसते, म्हणून परीक्षा होईपर्यंत लॅपटॉप कुलपात ठेवला आहे.’ ती नेमकं काय करते, हे तिला विचारलंत का? एवढ्या मोठ्या पत्रात तिचं म्हणणं एका ओळीनंही आलेलं नाही. तुमची काळजी समजते, पण जे बंद केलंत तोच तिचा सगळ्यात चांगला अभ्यास होता.

पुरावा म्हणून तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलात, तो मी नीट वाचला. तिनं संगणकात मांडलेला बाजार असा: सारख्याच दर्जाचा माल विकणारे शंभर विक्रेते. रिव्ह्यू जास्त तो यादीत वर. पहिल्या ऑर्डरी कुणाला मिळाल्या, हा निव्वळ योगायोग. तरी थोड्याच फेऱ्यांत तेच मोजके जण वर चिकटून बसले. मग तिनं एकच नियम बदलला, यादीतल्या काही जागा नव्यांसाठी राखल्या. आणि समासात लिहिलं, ‘नव्यांत फसवणारे निघाले तर?’ ऑनलाइन बाजार चालवणाऱ्यांना हाच प्रश्न सतत सतावतो. तो तिला आपणहून पडला!

‘खोट्या ग्राहकांवरून उद्या काय खपेल ते थोडंच कळणार?’ असं तुम्ही विचारता. नाहीच कळणार. सिम्युलेशन, म्हणजे संगणकात मांडलेला असा लुटुपुटीचा बाजार, भविष्य सांगायला नसतं. नियम बदलला की सगळ्यांचं वागणं मिळून बाजार कुठे वळतो, ते तपासायला असतं. तोच प्रयोग थेट खऱ्या बाजारात केला आणि फसला, तर विक्रेत्यांच्या पोटावर पाय येतो. 1993 मध्ये धनंजय गोडे आणि श्याम सुंदर या संशोधकांनी संगणकात असे व्यापारी बनवले, जे मनाला येईल ती बोली लावायचे. बंधन एकच, तोट्यात सौदा करायचा नाही. तरी सौद्यांतून निघालेला एकूण फायदा खऱ्या माणसांच्या जवळपास पोचला. म्हणजे बरीचशी हुशारी व्यापाऱ्यांत नव्हतीच, लिलावाच्या नियमांत होती. अर्थात, असे निष्कर्ष खऱ्या व्यवहारांशी ताडून पाहावे लागतात. त्यासाठी संख्याशास्त्र पक्कं हवं, आणि तिथे तिला घाम गाळावाच लागेल.

प्रवेश परीक्षा तिनं जरूर द्याव्यात. संगणकशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, कुठूनही असे बाजार संगणकात तपासण्याच्या कामाकडे वळता येतं. मात्र ‘नामवंत कॉलेज नाही तर वर्ष गेलं’ हा तुमचा हट्ट मला साफ नामंजूर आहे. यांतले दोन विषय एकत्र शिकता येतील ते कॉलेज तिच्यासाठी चांगलं, नाव मोठं असो वा नसो.

असे बाजार मांडायला नेटलोगो नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर त्यातलं मेसा हे तयार साधन वापरू दे. फसवणारे विक्रेते घालून तोच बाजार पुन्हा चालवायला सांगा आणि ती समजावून सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. पुढचं पत्र मला तिच्याकडून हवं आहे.