थायरॉइडची गोळी ओट्यापाशी, लिथियम मात्र कपाटात

प्रश्न : ताई, माझं वय 31, सासर सातारा जिल्ह्यात. मला बायपोलर (मूड कधी फार चढतो, कधी फार खचतो असा आजार) आहे, त्यावर सहा वर्षं लिथियमची गोळी चालू आहे आणि तेव्हापासून एकदाही अॅडमिट व्हावं लागलं नाही, नोकरी करते, सगळं व्यवस्थित आहे. नवऱ्याला लग्नाआधीच सांगितलं होतं, पण तोच म्हणाला घरी नको बोलूस, आईला झेपणार नाही. त्यामुळे थायरॉइडची गोळी रोज सकाळी सगळ्यांसमोर ओट्यापाशी घेते आणि लिथियमची स्ट्रिप कपाटात, पॅडच्या पाकिटात. मागच्या वर्षी सासूबाईंसोबत हरतालिकेचा निर्जळी उपास केला, दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरत होते की कपबशी खडखड वाजत होती, सगळे म्हणाले अशक्तपणा आलाय. त्यात एकदा मालिका बघताना सासरे सहज म्हणाले, "हिला येरवड्याला नेऊन टाका." त्या मालिकेतल्या बाईला म्हणाले, पण माझा घास तिथेच अडकला. आता परत हरतालिका आलीये. काय सांगू घरी?

उत्तर : अगं, आधी उपासाचं बोलू. निर्जळी करायची नाही म्हणजे नाही. लिथियम हा एक क्षारच आहे, तो किडनीवाटे बाहेर पडतो. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी मीठ धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही, मग गोळी तेवढीच असली तरी रक्तातली लेव्हल चढते. ती साधारण 0.6 ते 1 च्या मधे ठेवतात, 1.5 च्या वर गेली की विषबाधेची भीती. ती कपबशी अशक्तपणाने वाजली की लेव्हलने, हे आता कुणीच सांगू शकणार नाही, कारण तेव्हा रक्त तपासलंच नाही. जुलाब-उलट्या झाल्या, उन्हात फार घाम गेला तरी हाच धोका. आणि कंबर धरली म्हणून सासूबाई मायेने त्यांची गुडघेदुखीची गोळी पुढे करतील, ती घ्यायची नाही, आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने पण लेव्हल वाढते. थरथर वाढली, तोल जायला लागला, बोलताना जीभ जड झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता घरच्यांचं. मी 14 वर्षं इन्शुलिन घेते. लग्नाच्या पंगतीत पदराआडून पोटात सुई टोचते, कुणी ब्र काढत नाही, उलट जिलबी वाढणारा मला बघून पुढे सरकतो. तुझी थायरॉइडची गोळीसुद्धा लिथियममुळेच लागली असण्याची बरीच शक्यता आहे, अनेकांना लागते. म्हणजे परिणाम ओट्यावर आणि कारण कपाटात!

माझं स्पष्ट मत, हे तू नाही, नवऱ्याने सांगायचं. लपवायचं त्याने ठरवलं, तर "लग्नाआधी का नाही बोललात" याचं उत्तरही त्यानेच द्यायचं. हरतालिकेच्या सकाळी पूजेची घाई चाललेली असताना नको, आधीच्या रविवारी चहाच्या वेळी, दोनच वाक्यांत: "आई, हिला मूडचा आजार आहे, सहा वर्षं गोळीने ताब्यात आहे, पाणी बंद केलं तर तीच गोळी तिला बाधते." बायपोलर हा शब्द त्या विचारतील तेव्हा. विचारतीलच, पुढच्या फॉलोअपला घेऊन जा त्यांना. डॉक्टर आपणहून घरी सांगतील अशी धास्ती असेल तर, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुला दिलाय. सांगताना धीर सुटला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, फुकट, रात्री-अपरात्री, मराठीतही बोलता येतं.

आणि यंदा नाहीच जमलं सांगायला, तर "डॉक्टरांनी निर्जळी बंद केलीये" एवढंच म्हण (त्यासाठी आजच डॉक्टरांना फोन करून मागच्या वर्षीच्या थरथरीचं सांग, म्हणजे खोटंही नाही ठरणार). पूजा कर, जागरण मात्र नको, झोप मोडणं तुझ्या आजाराला अजिबात मानवत नाही.

आणि ती स्ट्रिप आधी पॅडच्या पाकिटातून काढ बाई, एखाद दिवशी घाईत ते पाकीट ऑफिसच्या पर्समध्ये जाईल आणि रात्रीची गोळी राहील.