धीर धरणं आणि सोसणं

वाशीच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष देताना (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगताना) कोणी म्हणतं, "प्रभू मला घडवतोय, मी धीर धरलाय." कोणी म्हणतं, "प्रभू घडवतोय, मी सोसतेय." तरुण मुलं सरळ 'पेशन्स' म्हणून मोकळी होतात. धीर, सहनशीलता, सोसणं, सबुरी हे सगळं एकच का? आणि देव हळूहळू घडवत असताना आपण जे करतो त्याला नेमकं काय म्हणावं?

ताई, माझं उत्तर 'धीर'. 'सोसणं' तिथे नको, हे मी आग्रहाने म्हणेन.

मयताच्या घरी आपण 'धीर धरा' म्हणतो तेव्हा खचू नका, उभे राहा असं सांगत असतो. निकालासाठी घिरट्या घालणाऱ्या पोराला 'जरा धीर धर' म्हणतो तेव्हा थांब म्हणतो. हिंमत आणि वाट पाहणं, दोन्ही या एका शब्दात आहेत. नव्या करारातला ग्रीक शब्द 'हुपोमोने' असाच आहे. 'हुपो' म्हणजे खाली, 'मेनो' म्हणजे राहणे. ओझ्याखाली पाय रोवून राहणं. रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा अशी साखळी आहे, तिथे हाच शब्द आहे.

दुसरा ग्रीक शब्द 'माक्रोथुमिया', म्हणजे राग यायला वेळ लागणारा स्वभाव. गलतीकरांस पत्रात पवित्र आत्मा माणसात जे गुण आणतो त्यांना 'आत्म्याचं फळ' म्हटलं आहे, त्यातली 'सहनशीलता' ती हीच. ती बहुतेक वेळा माणसांच्या बाबतीत लागते. पण याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायात पिकाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासाठी याच कुळातलं क्रियापद आलं आहे आणि मराठीत तिथे 'धीर' घातला आहे. फार चांगलं केलं. शेतकरी पावसाला सहन थोडाच करतो! (त्या वचनातला शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसापर्यंत थांबतो, ते म्हणजे आपले मृग आणि हस्त नव्हेत. तिकडे इस्राएलात पहिला पाऊस पेरणीच्या वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येतो आणि शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये, दाणा भरताना.)

'सोसणं' वाईट शब्द नाही. कळ सोसतात, उन्हाळे-पावसाळे सोसतात. पण त्याची नजर दुखण्यावरच असते, पुढे काही येणार आहे याची चाहूल त्यात नाही. शिवाय 'बाईच्या जातीने सोसावं' हा भार त्या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या वाहिला आहे. घरात मार खाणाऱ्या बाईला "प्रभू तुला घडवतोय, सोस" असं सांगितलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. ते शास्त्राला धरून नाही आणि मराठीलाही धरून नाही. मारणाऱ्याच्या हाताला कुंभाराचा हात म्हणू नये.

'सबुरी' अरबी 'सब्र'वरून आलेली. गोड शब्द आहे, पण तो उच्चारला की ऐकणाऱ्याचं मन शिर्डीला जातं.

आता 'घडवणं', कारण धीर कशासाठी ते याच शब्दात आहे. 'झाला' आणि 'घडला' यांतला फरक बघा. परीक्षेचा निकाल लागला की मुलगा डॉक्टर होतो, डॉक्टर म्हणून घडायला मात्र वर्षं जातात. संस्कृत 'घट्' धातूपासून आपलं घडणं आलं आणि त्याच कुळातला 'घट', म्हणजे आपला घडा. गंमत अशी की हिब्रूतही तसंच आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवतो तिथलं क्रियापद 'यात्सार' आणि कुंभाराला शब्द 'योत्सेर', एकाच मुळाचे. यिर्मयाच्या 18व्या अध्यायात कुंभाराच्या हातात पात्र बिघडतं, आणि तो त्याच मातीचं दुसरं करतो. 'बिघडणं'ही 'घडणं'चंच भावंड! ते वचन मुळात इस्राएल राष्ट्राला उद्देशून आहे, एकेकट्या माणसाला लावताना एवढं भान ठेवावं.

ठाण्यात जांभळी नाक्यावर दर उन्हाळ्यात मी माठ घेते. मागच्या वेळी एक देखणा, गोल गरगरीत माठ उचलला, तर विकणाऱ्या मावशींनी त्यावर टिचकी मारली. बद्द आवाज आला. "हा नको, नीट भाजला नाही," म्हणाल्या आणि शेजारचा वाजवून दाखवला, तो खणखणला. आकार दोघांचा सारखाच होता.

तुमच्या मंडळीत 'घडवलं' न म्हणता 'घडवतोय' म्हणतात, तो चालू काळ तसाच राहू द्या. फिलिप्पैकरांस लिहिताना पौलही सुरू झालेलं काम ख्रिस्ताच्या दिवसापर्यंत सिद्धीस नेलं जाईल असं म्हणतो, आणि तो दिवस अजून यायचा आहे.