मानहानीचा दावा चालू असताना पत्रकाराचा मृत्यू झाला, तर दावा संपतो का? (संदर्भ: माल्टाच्या पत्रकार डॅफ्नी कारुआना गलिझिया)

माल्टात तरी संपत नाही. फौजदारी खटला आरोपीबरोबर मिटतो, पण दिवाणी दावा वारसांच्या गळ्यात पडतो. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी माल्टातल्या बिडनिया गावी घराजवळ गाडीतल्या बॉम्बस्फोटात डॅफ्नी मारल्या गेल्या, तेव्हा त्यांच्यावर मानहानीची ४२ दिवाणी आणि ५ फौजदारी प्रकरणं होती. दिवाणी दावे नवरा आणि तीन मुलांकडे आले. त्यात खुद्द पंतप्रधान जोसेफ मस्कत यांचाही दावा होता: पनामातली ‘एग्रांट’ कंपनी मस्कत यांच्या पत्नीची आहे, असं डॅफ्नींनी लिहिलं होतं. २०१८च्या न्यायालयीन चौकशीत त्याला पुरावा मिळाला नाही. हे निष्कर्ष मान्य करा, मी दावा मागे घेतो, असं मस्कत म्हणाले. मुलांनी नकार दिला. एका मंत्र्याने तर दाव्याआधारे डॅफ्नींची सुमारे ४७ हजार युरोंची बँक खाती गोठवून घेतली होती, आणि पुढे तारखेला स्वतःच हजर राहिला नाही, म्हणून तो दावा निकालात काढला गेला. २०१८च्या नव्या कायद्याने तिथली फौजदारी मानहानी रद्द झाली.

मात्र हे भारताला जसंच्या तसं लावू नका. आपल्याकडे भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३०६मुळे मानहानीचा दावा सहसा पक्षकाराच्या मृत्यूबरोबर संपतो. भरपाईचा हुकूमनामा आधीच झाला असेल, तर गोष्ट वेगळी.