वाचक विचारतात : हत्तीचं वर्ष नेमकं कोणतं?

प्रश्न : मिलादच्या, म्हणजे पैगंबर जयंतीच्या व्याख्यानात ऐकलं, की पैगंबरांचा जन्म ‘हत्तीच्या वर्षी’, इ.स. 570च्या सुमारास झाला. एका पुस्तकात हे सालच शंकास्पद म्हटलंय. शेजारचे चाचा म्हणतात, असली पुस्तकं गोऱ्यांनी मुद्दाम लिहिलीत. कुणाचं धरू? – एक वाचक, मिरज

उत्तर : चाचांचा राग उगाच नाही. विल्यम म्यूर या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1858 ते 1861 दरम्यान पैगंबरांचं चार खंडी चरित्र छापलं. जुनी अरबी साधनं चाळून लिहिलेलं, पण लिहायला लावलं फॅन्डर नावाच्या मिशनऱ्याने. सर सय्यद अहमद खान इतके व्यथित झाले, की 1869 मध्ये लंडन गाठून त्यांनी तिथल्या ग्रंथालयांत साधनं धुंडाळली आणि पुढच्याच वर्षी उत्तर छापलं.

आता हत्ती. येमेनचा राजा अब्रहा हत्ती घेऊन मक्केवर चालून आला आणि त्याची फौज नष्ट झाली, ही परंपरा. कुराणातली ‘फील’ (हत्ती) ही छोटी सूरा, म्हणजे अध्याय, त्याबद्दलचीच मानतात. याच अब्रहाचा मुरैघान इथला शिलालेख मिळालाय, साधारण 552चा. त्यात मध्य अरबस्तानातल्या टोळ्यांवरची स्वारी आहे. मक्का नाही, हत्तीही नाही. काही अभ्यासक दोन्ही स्वाऱ्या एकच समजतात आणि जन्मसाल डळमळतं. मला ती ओढाताण वाटते. पण शंका काही युरोपातून आलेली नाही. हत्तीची घटना जन्माआधी 23 वर्षं, कुणी म्हणे 40 वर्षं घडली, असं सांगणारे जुने मुसलमान निवेदकही होते.

जुना चरित्रकार इब्न इसहाक याने लिहिलेलं पैगंबरांचं चरित्र आपल्यापर्यंत आलं ते मुख्यतः त्याचा संपादक इब्न हिशाम याच्या हातून, आणि काही मजकूर आपण गाळला हे तो उघड सांगतो. मदिनेच्या इमाम मालिकांनी तर इब्न इसहाकला ‘दज्जाल’, म्हणजे महाठक, म्हटलं होतं! जुना इतिहासकार तबरी हा माझा लाडका. तो प्रस्तावनेतच हात झटकतो : वाचकाला काही खटकलं तर ते सांगणाऱ्यांकडून आलंय, मी मिळालं तसं पुढे दिलं.

तेव्हा मिलादच्या जलशात हात वर करून साल विचारू नका. तिथे लोक दरूद (पैगंबरांसाठीची दुआ) पढायला जमतात, तारखा लावायला नाही. मात्र तीच कथा कुणी इतिहास म्हणून मांडली, तर ‘कुणी, कुणाकडून ऐकलं?’ हे बेलाशक विचारा. पैगंबरांची वचनं पारखणाऱ्या हदीसवाल्यांचाही पहिला प्रश्न हाच असे.

आणि चाचांना सर सय्यद वाचायला द्या. म्यूरला उत्तर देताना त्यांनी आपल्याच जुन्या ग्रंथांतल्या कितीतरी कथा कच्च्या ठरवल्या आहेत.