कपाटातल्या हिल्स आणि एक ‘च’

‘मॅडम, खरं तर हे सांगायचीही लाज वाटते...’ समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या बाईंनी अशी सुरुवात केली की पुढचं मला आता बरेचदा कळतं. तळपायाची कमान खचली आहे, डॉक्टरांनी उंच टाचा बंद करायला सांगितल्या आहेत आणि बाई आतून पार कोलमडल्या आहेत. घरी बोलावं तर उत्तर ठरलेलं: ‘चपलांचं काय एवढं?’

मला हा प्रश्न कधीच क्षुल्लक वाटला नाही. वर्षानुवर्षं ज्या रूपात माणूस आरशात स्वतःला ओळखतो, ते रूप एका तपासणीत काढून घेतलं तर दुःख होणारच. ते दुःख लाजेने दाबलं की त्याचा हट्ट होतो. हे मी इतक्या जणींमध्ये पाहिलं आहे, की आता ठामपणे सांगू शकते.

त्यातल्याच एका बाईंबद्दल सांगते. वय त्रेचाळीस. काम प्रशिक्षण देण्याचं, म्हणजे दिवसभर लोकांसमोर उभं राहून बोलायचं. पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून हिल्सचा एक जोड काढून माझ्यासमोर ठेवला. दोन्ही टाचा आतल्या बाजूने तिरक्या झिजलेल्या, बाहेरची कड मात्र नव्यासारखी.

‘बघा, चप्पल मला दोन वर्षं सांगत होती. मी नुसती टाच बदलून घेत राहिले.’

मग डोळे पुसत, जरा चिडूनच त्या म्हणाल्या, ‘पण हिल्स घातल्या की मला बरं वाटतं. सपाट चप्पल घातली की पोटरी ओढते, टाच दुखते. मग डॉक्टरांचं खरं मानायचं की माझ्या पायांचं?’

हा पेच जवळजवळ प्रत्येकीचा असतो, आणि त्याचं उत्तर शरीरात आहे. वर्षानुवर्षं टाच उचललेली राहिली की पोटरीचे स्नायू आखडतात. एकदम जमिनीवर आलं की ते ताणले जातात आणि दुखतात. म्हणजे हिल्समध्ये मिळणारा आराम खरा असतो, पण तो आखडलेल्या पोटरीचा. कमानीचा भार पेलणारा मुख्य स्नायुबंध घोट्याच्या आतल्या बाजूने, हाडामागून खाली येतो. तो थकला, सैल पडला की कमान बसते. चाळिशीनंतर बायकांमध्ये हे बरंच दिसतं. त्यामुळे एका झटक्यात पातळ, सपाट चपलेवर उतरणं हाही उपाय नाही. टाचेची उंची हळूहळू कमी करायची आणि कमानीला खालून आधार द्यायचा. एवढं ऐकल्यावर त्यांचा चेहरा निवळला. आपलं शरीर खोटं बोलत नाही, हे कुणीतरी मान्य करायला हवं होतं.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना मनात येईल ते कागदावर लिहायला सांगितलं. त्यांनी तीन ओळी लिहिल्या: ‘मला हिल्स घालायलाच हव्यात. त्यांच्याशिवाय मी कुणीच नाही. सपाट चपलेत बाई गबाळीच दिसते.’

मी म्हटलं, ‘यातल्या प्रत्येक ‘च’भोवती गोल करा. आता पहिली ओळ ‘च’ वगळून वाचा.’

‘मला हिल्स घालायला हव्यात...’ त्या थांबल्या. ‘हव्यात. म्हणजे हव्या आहेत. आवडतात मला.’

‘आवडू देत की. आवड सोडा असं मी म्हणतच नाहीये.’

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझी सगळी घडण झाली. ‘हवं’ या इच्छेची ‘हवंच’ अशी मागणी झाली की माणूस अडकतो, हे तिचं सार. ती मागणी मराठीत या एका अक्षरात पकडता येते, हे मला माझ्या कामातून उमगलं, आणि आजवर या अक्षराने मला दगा दिलेला नाही.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, ‘हिल्समधलं नक्की काय आवडतं?’

मला वाटलं होतं, उंची म्हणतील. त्या म्हणाल्या, ‘आवाज. टक टक. मी दारात पोचायच्या आधी खोली गप्प होते.’ पहिल्या नोकरीत कुणीतरी यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारलं होतं, ‘शिकवणाऱ्या मॅडम कुठे आहेत?’ दुसऱ्या दिवशी त्यांनी हिल्स घेतल्या.

‘डॉक्टरांनी बंद केल्यापासून किती वेळा शिकवलंत?’

‘नऊ.’

‘खोली गप्प झाली?’

बराच वेळ त्या स्वतःच्या बुटांकडे बघत राहिल्या. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी बोलायचं नाही, हे शिकायला मला कित्येक वर्षं लागली.

‘झाली,’ त्या म्हणाल्या. ‘पण मी बोलायला लागल्यावर.’

आणि मग त्या रडल्या. हे रडणं पहिल्या भेटीतल्या रडण्यापेक्षा वेगळं होतं.

तुमचंही असंच काही असेल तर आधी पायाकडे बघा. घोट्याच्या आत सूज किंवा दुखणं असेल, एका पायावर उभं राहून टाच उचलता येत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. लवकर आधार आणि व्यायाम मिळाला तर पुष्कळदा आराम पडतो; दुर्लक्ष केलं तर पाऊल ताठर होऊन शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकतं. तळवा जन्मापासून सपाट असेल आणि काहीच दुखत नसेल, तर सहसा उपचार लागत नाहीत. पोटरी ताणण्याचे आणि कमान उचलण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका, व्हिडिओ बघून नको. बूट घेताना टाचेभोवतीचा भाग घट्ट, चवड्याकडे जागा, आत इनसोल बसेल इतकी खोली आणि रुंद, बुटकी टाच बघा. दुखणं आटोक्यात आलं आणि डॉक्टरांनी मुभा दिली, तर हिल्स एखाद्या बसून होणाऱ्या कार्यक्रमापुरत्या. जाता-येता आधाराचे बूट. ताठर झालेल्या पायाला ही मुभा बहुधा मिळत नाही. तिथे आधी दुःखाला वेळ द्यावा लागतो, आणि मी तो देते.

घरच्यांना एक कळकळीची विनंती. तिच्या कपाटातल्या हिल्स परस्पर कुणाला देऊन टाकू नका. या बाईंना चार महिने लागले. सहा जोड त्यांनी स्वतःच्या हाताने मैत्रिणींना दिले. तिरक्या टाचांचा तो जोड मात्र अजून त्यांच्याकडे आहे.