मशीन थांबू शकतं, आधी तो हप्ता थांबवा

प्रश्न: मी डोंबिवलीत राहते, वय 36. मुलगा सहा वर्षांचा. यजमानांचा पगार हातात 58 हजार. दुकानात 2,400 ला मिळणारा जंपसूट मी घरी 800 मध्ये शिवते. आतापर्यंत तीन शिवले. पहिला बसलं की खांद्याला ओढतो, म्हणून पडून आहे. दोन शेजारणीही शिवून मागतायत. सासूबाईंचं पायाचं मशीन जुनं झालंय. 32 हजारांचं कॉम्प्युटराइज्ड मशीन आणि 9 हजारांचं इंटरलॉक 'नो-कॉस्ट' ईएमआयवर घेऊ का? कार्डावर आधीचे 40 हजार आहेत (मुलाच्या पॉलिसीचा हप्ता भरताना कमी पडले होते), पण किमान रक्कम वेळेवर भरते. 70 हजारांची एफडी मुलासाठी ठेवलीय, तिला हात लावत नाही. पॉलिसीत वर्षाला 1 लाख, 12 वर्षं भरायचे. तीन हप्ते झाले. पॉलिसीच्या विसाव्या वर्षी 24 लाख मिळणार आहेत, त्यामुळे पुढची काळजी नाही.

उत्तर:

ताई, मशीनचं आधी सांगते. आत्ता घेऊ नका. जंपसूटला लागते ती सरळ शिलाई, आणि ती तुमचं पायाचं मशीन उत्तम घालतं. पाय दुखत असतील तर दोन-तीन हजारांत त्याला मोटर बसते. कडा कोपऱ्यावरच्या टेलरकडून इंटरलॉक करून आणा.

तुमचा 800 चा हिशोब मला पटला. 44 इंच पन्ह्याचं रेयॉन साडेतीन मीटर, 180 च्या भावाने 630. कन्सील चेन, फ्यूजिंग, दोरा धरून 800. पण शिवले तीन आणि घालता दोन, म्हणजे एक पडला 1,200 ला. शिवाय 2,400 चा जंपसूट तुम्ही दर महिन्याला विकत घेतलाच नसता, मग दर वेळी 1,600 वाचले असं धरता येत नाही. तरीही शिवत राहा. मी स्वतः शिवते, बेतलेलं कापड अंगावर नीट बसल्याचा आनंद मला ठाऊक आहे. शेजारणींचं काम याच मशीनवर घ्या, शिलाई आगाऊ घ्या. दहा जंपसूट पैसे देऊन गेले की त्याच पैशांतून इंटरलॉक घ्या.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते.

किमान रक्कम वेळेवर भरल्याने फक्त दंड टळतो, व्याज चालूच राहतं. महिन्याला साडेतीन टक्के धरले तर 40 हजारांवर 1,400 रुपये. महिन्याकाठी एक जंपसूट शिवून जेवढे वाचतात असं तुम्ही म्हणता, जवळजवळ तेवढेच. आणि मागची बाकी असताना त्या कार्डावर नवी खरेदी केली की बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. 'नो-कॉस्ट'मध्येही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी असतोच. एफडी उद्याच मोडा आणि कार्डाचे 40 हजार फेडा. तिथे वर्षाला साडेसहा टक्के मिळतात, इथे वर्षाला चाळीस टक्क्यांवर जातात. मुलासाठी ठेवलेले पैसे या कामी आले तर ते मुलाच्याच कामी आले. उरलेले 30 हजार अडीअडचणीला राहू द्या.

पण हे 40 हजार झाले कशामुळे? पॉलिसीमुळे. तुम्ही पाठवलेला पहिल्या पानाचा फोटो मी दोनदा पाहिला. विमा मुलाच्या जिवावर आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या जिवावर! घर चालतं यजमानांच्या पगारावर, आणि त्यांच्या नावावर कंपनीच्या ग्रुप विम्याशिवाय काही नाही. नोकरी सुटली की तोही सुटतो. बँकेतल्या ज्या माणसाने ही पॉलिसी गळ्यात मारली, त्याला हे कळत नव्हतं असं मी मानणार नाही.

24 लाख 'मिळणार आहेत' हेही खरं नाही. तो आकडा पॉलिसीच्या अंदाजाच्या तक्त्यातला, विमा कंपनीच्या गुंतवणुकीला 8 टक्के मिळतील असं धरलेल्या रकान्यातला आहे. शेजारीच 4 टक्क्यांचा रकाना असतो, तो तुम्हाला दाखवलेला दिसत नाही. आणि मिळालेच 24 लाख, तरी 12 वर्षांत थोडाथोडा भरलेला पैसा सरासरी साडेचौदा वर्षांत दुप्पट झाला, म्हणजे वर्षाला पाच टक्के. महागाई सहा टक्के धरली तर अजून सतरा वर्षांनी मिळणारे 24 लाख म्हणजे आजचे साधारण नऊ. कर वाचेल म्हणून सांगितलं असेल, तर नव्या करप्रणालीत 80सीची वजावट नाहीच, आणि या पगाराला 12 लाखांच्या मर्यादेमुळे करही लागत नाही.

विमा कंपनीने तुम्हाला सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी आत्ताच बंद केली तर परत मिळणारे, 1 लाख 10 हजार सांगितलेत. भरले तीन लाख, म्हणून तुमचा जीव तुटतोय, ते मला कळतं. पण गेलेले परत आणायला आणखी नऊ लाख घालू नका. हे 1 लाख 10 हजार आणि पुढचे नऊ हप्ते पीपीएफच्या आजच्या 7.1 टक्क्यांनी वाढले, तर त्याच तारखेला साधारण 26 लाख होतात, झालेला तोटा सोसूनही. आणि ज्या वर्षी ओढाताण असेल त्या वर्षी पीपीएफमध्ये 500 रुपये भरले तरी खातं चालू राहतं. हप्त्यासाठी कार्ड काढावं लागत नाही.

सरेंडरच्या आधी कंपनीकडून एक आकडा लेखी मागा: आज पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर तशीच चालू ठेवली, तर मुदतीअखेर किती? 1 लाख 10 हजार 7 टक्क्यांनी सतरा वर्षांत साडेतीन लाख होतात. कंपनीचा आकडा त्याहून बराच मोठा असेल तर पेड-अप करा, नाहीतर सरेंडर. चौथा हप्ता मात्र कोणत्याही परिस्थितीत भरू नका.

पॉलिसीचं काहीही करण्याआधी यजमानांचा 1 कोटीचा टर्म विमा उतरवा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा साधा विमा. चाळिशीच्या, तंबाखू-सिगरेट नसलेल्या माणसाला साठीपर्यंतचा साधारण 15 ते 20 हजारांत मिळतो. अर्जात तब्येतीचं सगळं खरं लिहा. कोणी 'पैसे परत मिळणारा' टर्म विमा पुढे केला तर घेऊ नका.

आणि तो पहिला जंपसूट टाकू नका. खांद्यापासून पुढून खाली, दोन पायांमधून मागून वर त्याच खांद्यापर्यंत टेप फिरवून माप घ्या, तेही बसून, आणि त्यात दोन-तीन इंच सैल धरा. तुमचा तिथेच आखूड बेतला गेलाय. कमरेची शिलाई उसवून त्याच कापडाची पट्टी जोडली तर तो घालता येईल. पुढचा आधी जुन्या चादरीवर बेतून बघा.