राजीनामा टाकू नकोस

प्रिय मित्रा,

ऑनलाइन रमीत झालेलं कर्ज फेडायला राजीनामा देऊन पीएफ काढायचा, सगळ्यांचे पैसे फेकायचे आणि मोकळं व्हायचं, असा तुझा बेत कळला. पगार विभागात माझी हयात गेली. हा बेत घेऊन येणारा तू पहिला नाहीस. पाच वर्षं पुरी व्हायच्या आत पीएफ काढलास तर त्यावर कर लागेल, ते एक वेळ सोड. पण अशी एकरकमी रक्कम देणेकऱ्यांपर्यंत पोचलेली मी फार कमी वेळा पाहिली. ती खात्यावर पडते आणि त्याच रात्री मोबाइलवरून निघून जाते.

शिवाय पतसंस्थेचं काय? तुझ्या कर्जाला स्टोअरमधल्या दोघांनी जामीन म्हणून सह्या दिल्यात. तू गेलास की हप्ता त्यांच्या पगारातून कापला जाईल. त्यातल्या एकाच्या मुलीचं लग्न दिवाळीनंतर आहे, हे तुला माहीत आहे.

‘गेलेले वसूल झाले की सोडतो’ असं तू लिहिलंस. बाबा रे, हेच तर जुगाराच्या आजाराचं लक्षण. हरलेला पैसा परत मिळवायला पुन्हा खेळतोस का, हे डॉक्टर निदान करताना मुद्दाम विचारतात. एका पानाने डाव हुकला की हरल्यासारखं वाटतच नाही, जिंकता जिंकता राहिलो असं वाटतं. रमीचा सगळा धंदा त्यावर उभा होता. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राचा बंदी कायदा आला. त्यात शिक्षा खेळवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही, तेव्हा पोलिसांच्या भीतीने गप्प बसू नकोस. मात्र टेलिग्रामवरून जी परदेशी साइट तू धरली आहेस ती आधी सोड. तिथले पैसे कुणाकुणाच्या खात्यांतून फिरून येतात, आणि त्यात फसवणुकीचा पैसा निघाला तर तुझंही खातं गोठतं. मग जिंकलेले राहू दे, पगारही अडकतो.

आणि शेअर बाजारातल्या ऑप्शनमधून भरून काढायचा सल्ला देणाऱ्या त्या मित्राला सेबीचा, म्हणजे बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, अहवाल दाखव. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या दर शंभर व्यक्तींमागे 93 जण तोट्यात गेले, सरासरी दोन लाखांनी. ॲप बदललं, खोड तीच.

तिसऱ्या पाळीत तू फोन घेऊन टॉयलेटमध्ये जातोस आणि पोट बिघडलंय म्हणतोस, हे लाइनवर सगळ्यांना ठाऊक आहे. अजून कुणी लेखी दिलेलं नाही. खरेदीचं किंवा रोख रकमेचं काम अंगावर आलं तर सध्या नाही म्हण. परत ठेवीन म्हणूनच उचलतात सगळे.

आता वही घे. पतसंस्था, क्रेडिट कार्ड, लोन ॲप, मित्र, आईच्या पाटल्यांवरचं सोनेतारण, सगळं लिही आणि पूर्ण आकडा बायकोला सांग. पूर्ण म्हणजे पूर्ण. बहुतेक जण निम्माच सांगतात, घरचे पोटाला चिमटा घेऊन तेवढा फेडतात, आणि उरलेला निम्मा सहा महिन्यांनी दारात उभा राहतो. त्या दुसऱ्या वेळी घर तुटतं. पहिल्या वेळी सहसा तुटत नाही. पगाराच्या खात्यावरचं यूपीआय बंद कर, कार्ड तिच्याकडे दे. बँकेत जाऊन हप्त्याची तारीख पगारानंतरची करून मिळते का विचार. पाच तारखेचा हप्ता आणि सात तारखेचा पगार, यात दर महिन्याला बाउन्सचा दंड भरतोयस.

रात्री हात शिवशिवले तर 14416 ला फोन लाव. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं लागेल. रजेचं मी बघतो, तिचं कारण कुणाला कळणार नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे ये. वही आणि पतसंस्थेचं पासबुक आण. जमलं तर बायकोलाही घेऊन ये.

तुझा,
काका